एका हाकेचा कुत्रा

गोठ्यात सव्वीस शेळ्या होत्या, एक बोकड आणि नऊ करडं. शेळ्यांतल्या अकरा दुभत्या, दोन भाकड, एक उजव्या डोळ्यानं आंधळी. भागुबाई रोज संध्याकाळी फाटकाला आडणा लावण्याआधी प्रत्येकीच्या पाठीवर हात ठेवून मोजायची. नुसत्या नजरेनं मोजलं की एखादी दोनदा मोजली जाते. मे महिन्यात हा आकडा एकतीस होता. ऑगस्ट येईपर्यंत पाच कमी झाल्या. पाचही कुत्र्यांनी फाडल्या.

ती कुत्री रानातली नव्हती. कानोत्याच्या बंधाऱ्यावर पावसाळ्यात जयपूरची माणसं सहलीला येत, तिथंच मटण शिजवत आणि हाडं टाकून जात. त्या हाडांवर कुत्र्यांची वीण वाढायची. होळीनंतर ऊन तापलं, पाणी मागं हटलं, की माणसं यायची थांबत. मग आयतं खाऊन माजलेली दहा-बारा कुत्री टोळी करून आसपासच्या वस्त्यांवर उतरत. गेल्या उन्हाळ्यात ती पहिल्यांदा इथवर आली होती. पुढच्या उन्हाळ्यात येणारच होती.

बंधाऱ्याच्या अलीकडची ही दोन बिघे जमीन सर्जेरावच्या नावावर होती. तो मूळचा म्हसवडकडचा. फौजेत बावीस वर्षं काढली, त्यातली बारा वर्षं कुत्री सांभाळण्यात, आणि शेवटची जयपूरच्या छावणीत. मुलगी सलोनी इथल्याच शाळेत होती, म्हणून निवृत्तीनंतर परत जाणं झालं नाही. जमीन त्याची, पेन्शन त्याची, घरावरची पाटी त्याची. शेळ्या मात्र त्याच्या बायकोच्या, भागुबाईच्या. दोन शेळ्यांपासून अकरा वर्षांत तिनं हा कळप उभा केला होता. प्रत्येकीची आई कोण, हे तिला तोंडपाठ होतं.

पाचवी शेळी गेली त्या आठवड्यात सर्जेराव छावणीतल्या ओळखीच्या माणसाकडून एक पिल्लू घेऊन आला. कानापाशी तांबूस, पाठीवर काळं, पोट तुडुंब.

भागुबाईनं पिल्लाला मानगुटीला धरून उचललं आणि अंगठ्यानं जबडा उघडून टाळू बघितला.

"किती दिसांचं हाय?"

"चाळीस."

"येळेवर आनलंसा. द्या हिकडं. आजच गोठ्यात टाकते."

"गोठ्यात? ते काय करडू हाय?"

"माजा बा असंच करायचा. पिल्लू मेंढरात टाकायचं. मेंढीच्या सडाला लावायचं, तिच्याच उबंला निजवायचं. मानसानं लाड करायचं न्हाईत आन् मारायचं बी न्हाई. सा म्हयन्यांत त्येला वाटतं, आपुन मेंढरूच हाय. मंग लांडगा आला तर त्येला कुनी सांगाया लागत न्हाई."

सर्जेराव हसला. "तुज्या बाच्या कुत्र्याला लांडग्यानंच न्हेलं न्हवं?"

"न्हेलं. पर मेंढरू जाऊ दिलं न्हाई."

"अगं, बिनहुकमाचा कुत्रा आन् रस्त्यावरचा कुत्रा, फरक काय? फौजेत एक कुत्रा, एक मानूस. खानं एका हातचं, हुकूम एका तोंडचा. बारा वर्सं हेच केलंय म्या. तू मला शिकवतीस?"

त्यानं पिल्लाचं नाव रुस्तम ठेवलं. घरामागे पत्र्याची खोली केली, अंगणात लोखंडी खुंटी ठोकली.

भागुबाई पहाटे उठून धारा काढायची, लेंड्या लोटायची, मग लांब बांबूला विळा बांधून खेजडीच्या झाडाचा पाला उतरवायची. उरलेल्या वेळात ती गोठ्याचं कुंपण घालत होती. वेड्या बाभळीच्या काटेरी फांद्यांचे फास तोडायचे, दोरीनं ओढत आणायचे आणि पायानं दाबून एकावर एक रचायचे. तिच्या पोटऱ्यांवर काट्यांचे ओरखडे वाळत होते तोवर नवे उठत होते. कुंपण करतानाच तिनं बाप करायचा तेच केलं. सर्जेराव रस्त्यावर चहाला गेला, की ती पिल्लाला काखेत मारून गोठ्यात न्यायची आणि भोरी नावाच्या शेळीखाली धरायची. भोरीनं दोन दिवस लाथा मारल्या. तिसऱ्या दिवशी पान्हा सोडला. आठव्या दिवशी पिल्लू आपण होऊन करडांच्या ढिगात शिरलं आणि नाक एकाच्या पोटाखाली खुपसून झोपलं.

बाराव्या दिवशी सर्जेरावला पिल्लाच्या अंगावर लेंड्या चिकटलेल्या दिसल्या. शेजारचा कजोडमल तेव्हा ओट्यावर विडी ओढत बसला होता. त्याच्यासमोरच सर्जेरावनं पिल्लाला नळाखाली धरलं आणि धुण्याच्या साबणानं घासलं. बोअरचं पाणी गार होतं. पिल्लू किंचाळत होतं.

"देखिए कजोडजी," सर्जेराव हिंदीत म्हणाला, "फौजी का कुत्ता है, और हमारी मैडम बकरी का दूध पिला रही है. इनके पिताजी के कुत्ते को भेड़िया ले गया था, तब से ये उस्ताद हैं."

कजोडमल हसला. भागुबाई तिथंच होती. हातातला बाभळीचा फास तिनं कुंपणावर टाकला आणि दुसरा आणायला गेली. त्या दिवसापासून पत्र्याच्या खोलीला कुलूप लागलं.

रुस्तम वाढला. बैठ म्हटलं की बसू लागला, रुक म्हटलं की जागचा हलेना. रुक म्हणून सर्जेराव आधी दहा पावलं लांब जायचा, मग कोपऱ्यापर्यंत, मग नजरेआड. कुत्रा हलला, की वेताची छडी. परत आल्यावर तो छुट्टी म्हणायचा, तेव्हाच कुत्र्यानं उठायचं. मग खिशातून भाकरीचा तुकडा. हा तुकडा सर्जेरावनं कधी चुकवला नाही. त्याची छडी चुकायची नाही तसा तुकडाही चुकायचा नाही.

सलोनी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती, विज्ञान शाखेत. बसनं जायची, बसनं यायची. तिचं मराठी अडखळत चालायचं.

"पप्पा, मारायची जरूरत नाही ना. मतलब, बिस्किट देऊनपण शिकतो तो. मी वाचलंय."

"बिस्किटानं शिकंल, आन् चोराच्या बिस्किटानंच इसरंल. त्ये वाचलं न्हाईस वाटतं?"

"चोर येऊन मराठीत बोलणारे का त्याच्याशी?"

"कुनी बी बोलू दे, कसं बी बोलू दे. त्येनं ऐकायचंच न्हाई. आता त्योच धडा हाय."

तो धडा जानेवारीत सुरू झाला. सर्जेराव कुत्र्याला खुंटीपाशी बसवायचा आणि छडी पाठीमागं धरून बाजूला उभा राहायचा. मग भागुबाईला म्हणायचा, "हाक मार."

पहिल्या दिवशी तिला कळलं नाही. तिनं हाक मारली, हातात भाकरी धरली. रुस्तम शेपूट हलवत तिच्याकडे आला आणि तिच्या पायाशी पोचतो न पोचतो तोच छडी बसली. तो विव्हळत तिच्याच लुगड्यामागं लपायला बघत होता. सर्जेरावनं गळपट्ट्याला धरून त्याला परत खुंटीशी बसवलं.

"पुन्ना मार हाक. ग्वाड मार."

दहा हाकांपैकी पहिल्या दिवशी तो आठ वेळा आला. दुसऱ्या दिवशी सहा वेळा. तिसऱ्या दिवशी भागुबाई म्हणाली, "माज्या तोंडानं त्येला मार खायला लावू नगा. दुसरं कुनी तरी बगा."

"दुसरं कुनाचं ऐकतो त्यो? तुजा लळा हाय, तुजाच तोडाया पायजे. उद्या कुनी मानूस आलं, बाई आली, ग्वाड बोलली, तर कुत्रा उठून जाईल. मंग शेळ्या कोन राखनार? तू? एकटी बारा कुत्र्यांपुढं?"

गेल्या जूनमध्ये ती एकटी काठी घेऊन उभी राहिली होती आणि दोन शेळ्या तिच्या डोळ्यांदेखत गेल्या होत्या. तिनं हाक मारली. सर्जेरावनं सलोनीलाही हाक मारायला सांगितलं, तेव्हा तिनं हातातलं बिस्किट अंगणात फेकलं आणि पुस्तकं घेऊन कजोडमलच्या घरी जाऊन बसली. भागुबाई मात्र रोज सकाळी धारा काढल्यावर, हात पुसत, खुंटीसमोर येऊन उभी राहायची. पाचव्या दिवशी रुस्तम तीन वेळा आला. आठव्या दिवशी एकदा. अकराव्या दिवशी तिनं दहा हाका मारल्या तरी रुस्तम उठला नाही. डोळे मिटून घेतले आणि मान दुसरीकडे केली.

"झालं," सर्जेराव म्हणाला. त्यानं कुत्र्याला भाकरी दिली, आणि खुशीत भागुबाईलाही म्हणाला, "तू बी शाब्बास."

ती गोठ्यात गेली. दुपारपर्यंत बाहेर आली नाही.

एक गोष्ट मात्र तिला कबूल करावी लागली. होळीनंतर चार दिवसांनी एक तांबडं कुत्रं कुंपणाच्या फटीतून आत घुसलं. सर्जेराव ओट्यावर दाढी करत होता. गालावर साबण तसाच ठेवून तो ओरडला, "रुस्तम, पकड!" रुस्तम सुटला. त्या कुत्र्याला कुंपणावरच गाठलं, कान फाडला, पार ओढ्यापर्यंत नेऊन सोडलं आणि एका शिट्टीत परत येऊन बसला. सगळं मिळून दीड मिनिट लागलं नसेल. शेळ्यांना ओरखडा नाही.

"आता बोल," सर्जेराव म्हणाला.

"बरं केलं त्येनं," भागुबाई म्हणाली. ती मनापासून म्हणाली. त्या रात्री ती बऱ्याच महिन्यांनी न उठता झोपली.

एप्रिलमध्ये, हिवाळ्याच्या तोंडी गाभण राहिलेल्या शेळ्या व्यायल्या. करडं वाढून एकवीस झाली. मे उजाडला तशी लू, वाळवंटाकडचं तापलं वारं, सुरू झाली. सकाळी नऊनंतर पत्र्याला हात लागेना. बंधाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. कजोडमलची बायको सांगून गेली की पलीकडच्या वस्तीत, ढाणीत, कुत्र्यांनी म्हशीचं पारडू नेलं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात बोअरची मोटर जळाली. शेळ्यांच्या हौदात वीतभर पाणी होतं. सर्जेरावनं दुपारी बाराच्या सुमारास मोटर उपसून काढली. तोवर रुस्तम त्याच्या मागंमागं करत होता.

"कजोडजीकडनं पाना घिऊन आलोच. पाच मिनिटांत," तो म्हणाला. फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली त्यानं बोट दाखवलं. "रुस्तम, बैठ. रुक."

कुत्रा बसला. सर्जेराव गेला. कजोडमल ट्रॅक्टर घेऊन कानोत्याला निघालाच होता. तिथं मोटरचं जळकं वाइंडिंग भरून देणारा होता. ट्रॅक्टर फाटकापाशी आला, दोघांनी मोटर मागं चढवली, वर दोरी टाकली आणि निघाले. भागुबाईनं ते घागर घेऊन कजोडमलच्या टाकीकडं जाताना पाहिलं. ट्रॅक्टरच्या चाकाजवळून धूळ उडाली, ती लिंबाखाली बसलेल्या रुस्तमच्या अंगावर बसली. तिला वाटलं, सर्जेराव त्याला काही सांगून जाईल. त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

ती तिसरी खेप घेऊन येत होती तेव्हा शेळ्यांचं ओरडणं ऐकू आलं. एकीचं नव्हे, सगळ्यांचं.

घागर टाकून ती धावली. कुंपणाचा ओढ्याकडचा कोपरा विस्कटलेला होता आणि नऊ कुत्री आत होती. ती भुंकत नव्हती. दोघांनी भोरीला मागच्या पायाला धरलं होतं, तिसरं पोटाशी होतं. करडं हौदामागं एकावर एक चढत होती. भागुबाईनं पाला उतरवायचा बांबू उचलला आणि आडवा चालवला. विळा एकाच्या पाठीत लागला, ते मागं सरलं, दोन दुसऱ्या बाजूनं पुढं आली.

"रुस्तम!"

लिंबापासून गोठा तीस पावलांवर होता. मधे काही आडवं नव्हतं. रुस्तम बसल्या जागी गोठ्याकडं बघत होता. त्याचे कान ताठ होते, पुढचे पाय थरथरत होते. तिची हाक ऐकल्यावर त्यानं डोळे मिटले आणि मान दुसरीकडे केली.

"रुस्तम! पकड! अरं पकड की रं माज्या बाळा!"

तो आणखी खाली दबला. त्याच्या पोटाखालची माती ओली होत गेली.

तिनं बांबू टाकला आणि धावत त्याच्याकडं गेली. गळपट्ट्याला धरून ओढलं. सव्वीस किलोचा कुत्रा चार पाय रोवून मागं रेटत होता. दहा पावलं तिनं त्याला फरफटत नेलं. पकड सुटली तसा तो पळाला, आणि लिंबाखाली, नेमक्या त्याच जागी जाऊन बसला.

मग तिला फोन आठवला. कमरेच्या पिशवीतून काढून तिनं सर्जेरावला लावला. तिसऱ्यांदा लावल्यावर त्यानं उचलला. मागं ट्रॅक्टरचा आवाज.

"अवं, कुत्री आलीत! गोठ्यात! ह्यो उठंना. तुमी सांगा त्येला. सांगा!"

तिनं फोनचा आवाज मोठा केला आणि तो कुत्र्याच्या तोंडासमोर धरला.

"रुस्तम! पकड! पकड! रुस्तम, छुट्टी! पकड!"

रुस्तम ताडकन उठला. कुत्रा फाटकाशी गेला, रस्त्याकडं बघितलं. डावीकडं बघितलं. मान तिरकी करून पुन्हा फोनकडं बघितलं. छडी घेतलेला, खिशात भाकरी असलेला माणूस कुठंच नव्हता. त्यानं बारीक आवाजात एकदा कुईं केलं, परत आला आणि बसला. फोनमधून सर्जेराव ओरडतच होता.

कजोडमलची बायको आणि तिची जाऊ लाठ्या घेऊन धावत आल्या तोपर्यंत अर्धा तास गेला होता. कुत्री आली त्याच वाटेनं निघून गेली, सावकाश, मागं वळून बघत.

अकरा शेळ्या मेल्या होत्या, चार मरायला टेकल्या होत्या. करडं नीट मोजता येण्यासारखी नव्हती. भागुबाईचा डावा दंड कशानं तरी सोलला होता, बहुतेक तिच्याच विळ्यानं. ती बसली नाही. मेलेल्यांना पायांना धरून ओढत ती एका ओळीत ठेवत होती.

ट्रॅक्टर आला तेव्हा दोन वाजून गेले होते. सर्जेराव उडी मारून उतरला आणि फाटकातच थांबला. रुस्तमची शेपटी जमिनीवर झाडू मारल्यासारखी हलू लागली. पण तो उठला नाही.

सर्जेराव गोठ्याकडं बघत राहिला. मग कुत्र्याकडं. पुन्हा गोठ्याकडं.

"उटवा त्येला," भागुबाई ओळीतूनच म्हणाली. "तुमी म्हनल्याबिगार उटनार न्हाई त्यो."

"छुट्टी," सर्जेराव म्हणाला.

कुत्रा झेपावत आला, त्याच्या गुडघ्यांवर चढला, हात चाटला आणि नाक त्याच्या खिशाला लावलं. सर्जेरावचा हात खिशात गेला. बराच वेळ आतच राहिला. मग भाकरीचा तुकडा घेऊन बाहेर आला. कुत्र्यानं तो त्याच्या तळव्यावरून उचलला.

"त्येचं काय चुकलं गं?" सर्जेराव म्हणाला. तो तिच्याकडं बघत नव्हता. "सांग की. त्येचं काय चुकलं?"

"त्येचं न्हाईच चुकलं," भागुबाई म्हणाली. "हाक म्या मारली हुती न्हवं अकरा दीस?"

तिनं भोरीचे पुढचे पाय धरले. मागचे धरायला तो आला, तशी तिनं शेळी एकटीनंच ओढली.

संध्याकाळी सलोनी कॉलेजातून आली. तिनं पुस्तकं ओट्यावर ठेवली. ओढणी कमरेला बांधली आणि आईच्या शेजारी बसून जिवंत शेळ्यांच्या जखमा हळदीच्या पाण्यानं धुतल्या. खड्डा सर्जेराव आणि कजोडमलनं खणला. जमीन इतकी कडक होती की पहारीच्या टोकातून ठिणगी निघत होती. आधी पुरेसा खोल झाला नाही, म्हणून पुन्हा खणावा लागला. रुस्तम खड्ड्याच्या काठावर, सांगितलेल्या जागी, बसून होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी दवाखान्यातले जनावरांचे डॉक्टर मोटारसायकलवर आले. त्यांनी चार शेळ्यांना टाके घातले. त्यातली एक टाके घालता घालताच गेली. उरलेल्या सगळ्यांना सुया टोचल्या. टोळीतलं एखादं कुत्रं पिसाळलेलं असू शकतं, म्हणाले. मग हात धुताना त्यांना लिंबाखालचा रुस्तम दिसला.

"यह आपका है? लड़ा होगा. इसे भी देखना पड़ेगा. काटा हो तो सुइयाँ इसे भी लगेंगी, और बाँधकर रखना होगा."

सर्जेरावनं कुत्र्याला बोलावलं. डॉक्टरांनी त्याला ओट्यावर उभं केलं, जबडा उघडून बघितला, कान उलटून बघितले, मानेपासून शेपटीपर्यंत केसांत उलट्या दिशेनं बोटं फिरवली, चारही पंजे एकेक करून दाबले. पोट चाचपलं. मग स्प्रिंगचा काटा काढला आणि पोत्याच्या झोळीत घालून कुत्र्याला टांगलं. झोळी हलत होती, कुत्रा हलला नाही.

डॉक्टरांचे हात ओले होते, म्हणून कागद सलोनीनं धरला. ते सांगत गेले, ती आईला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणत लिहीत गेली. वय साडेदहा महिने. वजन सव्वीस किलो चारशे ग्रॅम. तापमान अडतीस पूर्णांक सहा. अंगावर जखमा, शून्य.